पत्र्याची कड

पोटावरच्या चिरा खोल नव्हत्या. अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळीकडे दाबून पाहिलं आणि सांगितलं, नुसती कातडी फाटली आहे, आत काही गेलेलं नाही, टाके नकोत. जखम धुऊन पट्टी लावली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग त्यांनी मुलीला विचारलं, "कसं लागलं?"

उत्तर आईने दिलं. "घरी कपाट सरकवताना पत्र्याची कड लागली. डाव्या बाजूला. अपघातच."

आई त्याच दवाखान्याच्या तळघरात कोडिंगला होती. कुठे लागलं, किती खोल, कशाने, चुकून की मुद्दाम, या सगळ्याचे ठरलेले आकडे रुग्णाच्या कागदावर टाकायचे हे तिचं काम. डॉक्टर अर्धवट लिहायचे आणि ही डोक्याला हात लावून बसायची. त्यामुळे जिभेला पुऱ्या वाक्याची सवयच लागली होती.

"असे नातेवाईक मिळाले तर आमचं निम्मं काम हलकं होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी छताकडे बघत होती. घरातलं कपाट कित्येक वर्षांत जागचं हललेलं नव्हतं, हे आईला पक्कं ठाऊक होतं. तरी भीती वाटली नाही की रडू आलं नाही. पर्स उचलणारे हातसुद्धा तिला परके वाटत होते.

घरच्या माणसांचे कागद आपण हाताळायचे नाहीत, असा नियम होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलीचा कागद शेजारच्या टेबलावर गेला. तिथल्या गृहस्थांना सगळे शंकासुर म्हणत; डॉक्टरांनी साधी सर्दी लिहिली तरी ते "कशावरून?" अशी विचारणा वर पाठवत.

आज त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, तीन चिरा, शेजारी शेजारी, सारख्या लांबीच्या. पत्र्याची कड अशी मोजून मापून लागते होय?"

ती आपल्या टेबलावरचे कागद चाळत राहिली.

"एरवी मी डॉक्टरांना विचारलं असतं. तुम्ही म्हणत असाल तर अपघात टाकतो, विषय संपला."

विषय संपला की मुलीकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहणार नव्हतं. आणि विचारलं, तर घरातलं झाकलेलं चव्हाट्यावर येणार होतं. तिने टेबलावरचा पेला नीट सरळ ठेवला.

"आज थांबा. आधी मी विचारते."

"डॉक्टरांना?"

"नाही."

संध्याकाळी पट्टी बदलायला तिने मुलीला पलंगावर निजवलं. हाच प्रश्न तिने आजवर किती डॉक्टरांना बसल्या जागेवरून पाठवला होता, त्याला गणती नव्हती. आता मात्र तो समोरासमोर विचारायचा होता.

"कसं लागलं गं?"

"तूच सांगितलंस की काल."

"मी खोटं सांगितलं."

मुलीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"काल मी केलं ते विचारतेस, की आधीचंही?"

आईच्या हातातला कापूस तसाच राहिला. ती हळूच पलंगाच्या कडेला बसली.

"सगळंच सांग. आणि उद्या पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. त्या तुला विचारतील तेव्हा मी मध्ये बोलणार नाही."

मग आईला रडू आलं, कालचं राहिलेलं.