अप्पांचं गाऱ्हाणं

देवाला ऐकू येतं की नाही यावर कुणीही वाद घालावा, पण देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्याला तरी ऐकू आलंच पाहिजे, याबद्दल त्या गावात दुमत नव्हतं. जत्रेच्या सकाळी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान अप्पांच्या घराण्याचा. लोक आपलं मागणं त्यांच्या कानाशी लागून सांगत, अप्पा ते खणखणीत आवाजात देवापुढे मांडत, आणि प्रत्येक मागण्याशेवटी अख्खं देऊळ एका तोंडाने म्हणे, "व्हय म्हाराजा!"

गेल्या जत्रेत घोळ झाला. काशीबाईचा बाबली चाळिशीला टेकला तरी बिनलग्नाचा. बिचारी सून मिळावी म्हणून अप्पांच्या कानाशी लागून म्हणाली, "माका सून गावांदे." अप्पांनी डोळे मिटले, हात जोडले आणि भर देवळात देवाला साकडं घातलं, "बा देवा म्हाराजा, काशीबायक ऊन गावांदे!"

देऊळ सवयीने "व्हय म्हाराजा!" म्हणून मोकळं झालं, आणि मग जे हसत सुटलं ते थांबेचना. अप्पांना वाटलं, लोक खुशीत आहेत. तेही हसले. माई, त्यांची बायको, तेवढी खाली मान घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मानकरी घरी आले. "अप्पा, फुडच्या जत्रेपावत कानाचा काय ता बघा. नायतर सुदेशाक उभो करूया. तेका सगळा पाठ आसा." सुदेश म्हणजे अप्पांचा सख्खा पुतण्या. पोरगा गुणी, आवाज गोड. म्हणून तर अप्पांना तो डोळ्यांसमोर नको झाला. आंब्याची बाग त्यांनी कधीच दुसऱ्याला कराराने देऊन टाकली होती, गुडघ्यांमुळे समुद्रावर जाणं सुटलं होतं. चारचौघांत ताठ मानेने उभं राहायला एवढी एकच जागा उरली होती, आणि आता तिच्यावरही टाच येत होती.

तरी कानाला यंत्र लावायचं म्हटलं की अप्पांचं आज-उद्या चाले. जत्रा तोंडावर आली तेव्हा गौरजाने, त्यांच्या शिक्षक मुलीने, त्यांना अक्षरशः ओढत कणकवलीला नेलं. कान तपासणाऱ्या मॅडमनी त्यांना बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि कागदावरची उतरती रेघ दाखवली. "काका, बारीक आवाज आधी जातात. स, श, फ असे. बाकीचं ऐकू येतं, म्हणून वाटतं समोरचाच नीट बोलत नाही."

म्हणजे सुनेतला स गेला आणि ऊन उरलं. अप्पांना त्याही स्थितीत हसू आलं.

पण यंत्र निवडताना गाडं अडलं. अप्पांना हवं होतं चण्याएवढं, कानात लपणारं. मॅडम म्हणाल्या, "त्याचा जोर तुमच्या कानाला पुरणार नाही. कानामागे बसणारंच घ्यावं लागेल." अप्पांनी तोंड वाकडं केलं. पण दोन्ही कानांमागे ती यंत्रं लावल्यावर गौरजा पाठीमागून हळूच म्हणाली, "अप्पा, सून!" आणि अप्पा खुर्चीतच वळले. "इला! माका स आयकाक इला!" त्यांचे डोळे भरून आले होते.

"हुरळून जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "ही खोली शांत आहे. कान ऐकतो, पण अर्थ मेंदू लावतो, आणि त्याची सवय मोडली आहे. आधी घरात, एकाच माणसाशी बोला. मग दोघांशी. गर्दीत काही महिने तरी नको."

महिने! जत्रा आठवड्यावर आली होती.

घरी आल्यावर अप्पांचा जीव नकोसा झाला. भाकरी चावली की डोक्यात वाळू दळल्यासारखं वाटे. भांडं भांड्याला लागलं की ते दचकत. कावळे, पंखा, शेजारचा पंप, सगळे एकाच जोराने अंगावर येत. हवं काय आणि नको काय हे यंत्राला कळत नव्हतं, आणि अप्पांनाही कळेनासं झालं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे माईचा आवाज. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा कुणा परक्या बाईचा आवाज.

"तुझो आवाज असो नव्हतो," ते म्हणाले.

"मगे कसो होतो?"

अप्पांनी खूप आठवून पाहिलं. आठवेना. वर्षानुवर्षं ती ओरडून बोलत होती आणि ते अर्धं ओठांवरून वाचत होते. त्यात तिचा खरा आवाज कधी हरवला हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

माईने ते मनावर घेतलं नाही. रोज संध्याकाळी ती घरापुढच्या खळ्यात तुळशीपाशी बसे. अप्पा गाऱ्हाणं म्हणत आणि ती प्रत्येक वेळी त्या पत्र्याच्या आवाजात म्हणे, "व्हय म्हाराजा." म्हणताना तिला खोकला येई. "पुरे आता, दमलास तुमी," असं ती म्हणे, पण अप्पा पुन्हा सुरू करत. आठवडा संपता संपता तो आवाज त्यांना डोळे मिटूनही ओळखू येऊ लागला. अप्पांना आशा वाटू लागली.

जत्रेच्या सकाळी त्यांनी एक शहाणपणा केला. यंत्रं कुणाला दिसू नयेत म्हणून मुंडासं कानांवरून घट्ट बांधलं.

देवळात पाऊल टाकलं आणि ढोल थेट मेंदूत वाजले. कापड यंत्रांवर खरखर घासत होतं. घंटा, पोरांच्या पिपाण्या, गोड खाजं विकणाऱ्यांचा ओरडा. ढोल थांबले तेव्हा अप्पांनी सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा..." त्यांचाच आवाज रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा डोक्यात घुमला. पहिला "व्हय म्हाराजा" आला तो टोपलीभर खडी ओतल्यासारखा. अप्पा दचकले. दचकले आणि पुढचं वाक्य विसरले. बहिऱ्या कानांनी इतकी वर्षं जे कधी चुकलं नव्हतं, ते ऐकू आल्यावर चुकलं.

काशीबाई पुढे झाली. "सून, अप्पानू, सून!" मागच्या अनुभवाने शहाणी होऊन तिने तोंड अगदी कानाला भिडवलं, आणि यंत्राने शीळ घातली. "काय?" ती पुन्हा ओरडली. पुन्हा शीळ. "काय?" लोक आपापले मोबाइल चाचपू लागले. एक पोरटं अप्पांच्या मुंडाशाकडे बोट दाखवून हसलं.

अप्पांनी मुंडासं ओढून काढलं. उजवं यंत्र त्याच्याबरोबर निघून हातात आलं. डावं तसंच राहिलं. हातातल्या त्या शीळ घालणाऱ्या वस्तूकडे ते बघत राहिले. मग कळ दाबून त्यांनी ती बंद केली.

खांद्यावर हात पडला. सुदेश होता. त्याने काकांना मागे सारलं नाही, नुसता शेजारी उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, काशीबायच्या बाबल्याचा लगीन जमांदे, तिच्या घराक बरीशी सून येवांदे!" पोराला एक शब्द अडला नाही. देवळाने होकार दिला.

मग सुदेशने पुन्हा हात जोडले. "आनी म्हाराजा, ह्यो आमचो अप्पा. आजपावत तुझी चाकरी केल्यान, कधी चुकलो नाय. आता तो थकलो. ह्येच्या फुडे तेका इसावो दी. घराक बसान सुखान दोन घास खावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ना खरखर, ना शीळ. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. अप्पांना कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदा सगळं देऊळ नीट ऐकू आलं. आणि त्यात, खोकला आवरून काढलेला, पत्र्याच्या डब्यातला एक आवाज होता. तो त्यांनी तेवढ्या गर्दीतही लगेच ओळखला.