रवंथ करणारी जमीन

त्या रविवारी किलवणी गावात जेवढी माणसं जमली होती, तेवढी मतदानालाही जमत नाहीत. प्रत्येकाच्या हातात कशात ना कशात माती होती. कुणी रुमालात बांधून आणलेली, कुणी जेवणाच्या डब्यात, एकाने तर हेल्मेट भरून आणली होती. मधोमध पाटावर माती महाराज बसले होते. भगवी लुंगी, कपाळाला चिखलाचा टिळा आणि मागे खुंट्यांना बांधलेल्या बावीस शेळ्या. भक्तांपेक्षा शेळ्यांचीच तब्येत चांगली होती.

कुठली जमीन शेतीची, कुठली चराईची आणि कुठली जंगलाची, हे म्हणे भूमाता महाराजांना स्वतः सांगे. ताटात मूठभर माती घ्यायची, डब्यातलं भस्म टाकायचं, वर तांब्यातलं तीर्थ ओतायचं. माती गप्प राहिली तर शेती. लाल झाली तर जंगल. आणि फसफसली की महाराज डोळे मिटून म्हणत, "माता रवंथ करते आहे. इथे नांगर घालाल तर तिच्या तोंडचा घास काढाल. पाच वर्षं चराई." मग संध्याकाळच्या आत महाराजांच्या शेळ्या त्या जमिनीच्या शुद्धीला हजर होत. शुद्धी अगदी मुळापर्यंत होई.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या सुकदेवचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तो जवळच्याच मसाट गावातल्या एका दोऱ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. वडील गेल्यावर त्याने आईला, मंजुळाबाईंना, खानदेशातून इथे आणलं, पण दहा बाय दहाच्या खोलीत बाई सुकत चालल्या होत्या. दर आठवड्याला एकच वाक्य: "मले गावाले पोचवून दे." शेवटी शेजारच्या वाळूदादाने आपली चार गुंठे जमीन त्यांना कसायला दिली. त्यात बाईंनी गावाहून आणलेलं भरताच्या वांग्याचं बी लावलं आणि तेव्हापासून गावाचं नाव काढलं नव्हतं. हिरवी, मुठीत न मावणारी वांगी आता आठवडाभरात काढायला येणार होती. गेल्या रविवारी महाराज त्या वाफ्यांभोवती दोन चकरा मारून गेले होते.

"वाळूदादा, महाराज चराई म्हणाले तर?" सुकदेवने विचारलं.

"मग चराईच, सुकदेवभाय. माझे हातात काय नाय," वाळू कसनुसा होऊन म्हणाला.

सुकदेवने आठवडाभर हिशेब लावला होता. ज्यांच्या शेतात हिरवंगार उभं होतं, त्या सगळ्यांची माती फसफसली होती. खडकाळ तुकडेवाल्यांना शेती मिळाली. डोंगरापलीकडच्या जमिनी जंगलात गेल्या, कारण तिथवर जायला शेळ्यांचे पाय दुखले असते. त्याने हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विजया मॅडमना सांगितलं. मॅडम चिपळूणच्या. त्या खूप हसल्या आणि मग त्यांनी तीन सारख्या पिशव्या आणल्या.

वाळूचं नाव पुकारलं गेलं, तसा सुकदेव पुढे झाला आणि त्याने पिशव्या पाटासमोर मांडल्या. त्यांवर फक्त आकडे होते. एक, दोन, तीन.

"नाव कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"आमच्या कंपनीत नमुन्यावर माल पाठवणाऱ्या पार्टीचं नाव लिहीत नाहीत, महाराज. नाव कळलं की तपासणाऱ्याचं मन डळमळतं. तुम्हाला तर माताच सांगते, नाव कशाला पाहिजे?"

गर्दीत निम्मे कारखान्यातलेच होते. त्यांनी माना डोलावल्या. महाराज अडकले. "मातेला नाव काय अन् नंबर काय," असं म्हणून, तीन पिशव्या म्हणजे तीन जमिनी असं धरून त्यांनी ताट ओढलं. मातीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तसे ते कधीच पाहत नसत.

पहिली पिशवी गप्प राहिली: शेती. दुसरी फसफसली: चराई. तिसरी लालभडक झाली: जंगल, तेही घनदाट.

गर्दीत बसलेल्या विजया मॅडम उठल्या. "तिन्ही पिशव्या सकाळी एकाच घमेल्यातून भरल्यात. वाळूदादांनी स्वतः भरल्यात."

वाळूने हळूच होकारार्थी मान हलवली. एका घमेल्यात शेत, कुरण आणि जंगल म्हणजे वाघ कुठे राहणार, असं कुणीतरी मागून विचारलं.

"मातेचा मूड बदलतो," महाराज म्हणाले.

एवढ्यात गर्दीतून पुढे आलेल्या मंजुळाबाईंनी भस्माच्या एका डब्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं होतं. चाळीस वर्षं भज्यांचं पीठ चाखलेली जीभ ती. "हा तं खायचा सोडा आहे." दुसऱ्या डब्यात तांदळाची पिठी निघाली. तांब्यांचा वास घेतला, तर एकात लिंबू, दुसऱ्यात हळदीचं पाणी. बाईंनी रिकामं ताट घेतलं, सोडा टाकला, लिंबाचं पाणी ओतलं. ताट फेसाने भरलं.

"यात मातीच नाही," बाई म्हणाल्या. "मग रवंथ कोन करू ऱ्हायलं, ताट?"

लोक पोट धरधरून हसले. त्या गोंधळात एक शेळी सुटली आणि तिने महाराजांचं पंचांग खाल्लं.

मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. सोड्यावर लिंबू पडलं की फेस येतो, हळद पडली की लाल होतं, पिठीला काहीच होत नाही. कुठल्या शेतात शेळ्या सोडायच्या, ते आधी ठरायचं आणि डबा नि तांब्या त्याप्रमाणे उचलला जायचा.

"जमीन ओळखायची तर कुदळ घ्या," त्या म्हणाल्या. "हातभर खणा. माती किती खोल आहे, दगड कुठे लागतो, उतार किती, पाणी थांबतं की वाहून जातं, ते बघा. खोल आणि सपाट असेल तिथे पेरा. वितीवर कातळ लागला तर गवत राहू द्या. उभ्या उतारावर झाडं ठेवा, नाहीतर माती ओढ्यात जाईल. शंका आली तर कृषी खात्याला विचारा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तोच त्याला रिकाम्या ताटात करायला लावा."

लगेच कुदळ आली. पहिला खड्डा महाराजांच्या पाटाखालीच घेतला. चार बोटांवर कातळ लागला. म्हणजे खरीखुरी चराईची जमीन महाराजांच्याच बुडाखाली होती. हल्ली ते तिथेच शेळ्या चारतात. गुराखी म्हणून माणूस वाईट नाही.

पुढच्या रविवारी वाळूच्या अंगणात भरीत झालं. सुकदेव वाफ्यात गेला, तर सगळ्यात मोठं वांगं झाडावर तसंच होतं आणि देठाला लाल चिंधी बांधलेली होती.

"आई, हे काढायचं राहिलं."

"राहू दे," मंजुळाबाई म्हणाल्या. "पुढच्या सालले बी नको का?"