सापडेबाबा आणि उतारावरचा उंचवटा

"डबा!" सापडेबाबा डोळे मिटून ओरडले आणि पत्र्याच्या शेडमधला सगळा जमाव एकदम गप्प झाला. "स्टीलचा डबा दिसतोय मला. तीन पुडांचा. मधल्या पुडाला पोचा आलाय."

"माझाच! माझाच तो!" मागच्या बाजूला एक माणूस धडपडत उठला. त्याच्या उजव्या कोपराला भलंमोठं बँडेज होतं. लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच पुढे आणलं.

"खालचं झाकण नीट बसत नाही," बाबा म्हणाले.

"नाही बसत, बाबा! गळतं! बायको रोज बोलते!"

शेडभर "अहाहा" पसरलं. झाकणसुद्धा दिसलं! बाबांनी हात मागे नेला. पाठीमागच्या काळ्या पडद्यातून दुसरा एक हात बाहेर आला, त्या हातात डबा होता. टाळ्यांनी वरचे पत्रे थरथरले. कोपरवाल्याने डबा छातीशी धरला आणि डाव्या हाताने बाबांच्या पायांना स्पर्श केला, कारण उजवा वाकत नव्हता. कर्ण्यातून एका शिष्याचा आवाज घुमला, "जे जे हरवे, ते ते सापडे!" आणि लोकांनी तेच त्याच्याहून मोठ्याने म्हटलं.

माझ्या शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या. "डबा घासूनपुसून दिलाय गं. स्वर्गात भांड्यांची चांगली सोय दिसते."

आम्ही दोघी जावा सायकलवरून भटकायला निघालो होतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. जाऊबाईंचा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेला, त्यामुळे त्यांना रक्त बघून चक्कर येत नाही आणि मोठी माणसं बघून जीभ अडखळत नाही. आमचे दोघींचे नवरे घरी बसून एकमेकांचा स्वयंपाक सहन करत होते.

मोटारीतून जाणाऱ्याला रस्ता दिसतो, सायकलवाल्याला रस्त्यावर पडलेलं दिसतं. काय काय सापडलं आम्हाला! हातमोजे, ते नेहमी एकटेच. नटबोल्टचे पाने, चमचे, बाहुलीचा पाय. गवतात पडलेलं एक भिंतीवरचं घड्याळ, चालू आणि वेळ अगदी बरोबर. एकदा तर रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी. वस्तू सापडली की जाऊबाई ती जवळच्या खांबाला अडकवत, नाहीतर किलोमीटरच्या दगडावर ठेवत. मालक शोधत आला तर त्याला लांबूनच दिसावी, हा त्यांचा नियम. कवळी ठेवल्यावर तो दगड आमच्याकडे बघून हसतोय असं वाटायला लागलं, म्हणून आम्ही तिथे पाणीसुद्धा न पिता निघालो.

एका ठिकाणी मात्र नियम मोडला. लहानशा चौकटीतला, मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो चिखलात पडला होता. "माणसाला असं टाकून कसं जायचं?" म्हणत जाऊबाईंनी तो पुसून आपल्या जांभळ्या पिशवीत घातला. पुढच्या गावात कुणी ओळखतंय का, ते विचारणार होत्या.

पुढच्या गावाला जाताना लांबलचक उतार लागला. डोळे दिपवणारं ऊन आणि मग एकदम गर्द झाडी. त्या सावलीत शिरलो आणि सायकल अशी उडाली की माझे दात एकमेकांवर आपटले. जाऊबाई पडता पडता वाचल्या. लॉजवर पोचून बघतो तर कॅरिअरवरची जांभळी पिशवी गायब. तशाच मागे गेलो. उतार चढून सगळं पालथं घातलं. पिशवी नव्हती. पिशवीच काय, तिथे साधा चमचासुद्धा पडलेला नव्हता. रस्ता कुणी झाडून ठेवावा तसा.

"शोधू नका हो," लॉजवाली बाई म्हणाली. "संध्याकाळी सापडेबाबांकडे जा. उतारावर हरवलेलं सगळं त्यांना दिसतं."

"फक्त उतारावरचंच?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही, तसं सगळंच... म्हणजे बहुतेक उतारावरचं."

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात ताटांची चळत कोसळली. आम्ही तिघी दचकलो. टेबलाशी चित्र काढत बसलेली तिची मुलगी, असेल सात-आठ वर्षांची, तिने मान वर केली नाही. जाऊबाईंनी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. काही नाही.

"हिला मशीन नाही का कानाचं?"

"होतं." बाईने पदराच्या टोकाशी चाळा केला. "स्कूटरवर डबीत ठेवलं होतं, उतारावर डबी उडाली. बाबांनी डोळे मिटून सांगितलं, शिंपल्यासारखी लहानशी वस्तू दिसतेय म्हणून. अंगावर काटा आला माझ्या! मग म्हणाले, यंत्राची सवय लागली की कान आळशी होतात. यंत्र इथेच ठेव, कान आपोआप उघडतील."

"उघडले?"

"परवा हाक मारली तर वळली."

"समोरून मारली की मागून?"

बाईने मुलीच्या चित्राकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "शाळेतल्या बाई म्हणतात, वर्गात नुसती बसून असते. बोलायचीसुद्धा कमी झालीय."

"होणारच," जाऊबाई म्हणाल्या. "ऐकू आलं नाही तर बोलणार काय? हे वय फुकट घालवायचं नसतं, बाई." त्यांचा आवाज मऊ होता, पण कपाळावरची शीर तटतटली होती.

म्हणून आम्ही शेडमध्ये गेलो होतो. डब्यानंतर बाबांनी पुन्हा डोळे मिटले.

"जांभळी पिशवी. आत पंक्चरचं सामान. गुडघ्याला लावायचं मलम." जाऊबाईंनी हात वर केला. बाबांचा आवाज एकदम ओला झाला. "आणि एक तसबीर! मिशीवाले गृहस्थ! माई, हे तुमचे यजमान. वर गेलेत, पण जीव अजून तुमच्यात अडकलाय. तुम्ही त्यांचं एक मागणं पुरं केलं नाहीत."

"माझे यजमान घरी आहेत," जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या. "मिशी त्यांना कधी नव्हती. मागण्या खूप असतात, पण त्या ते फोनवर करतात. हे गृहस्थ मला रस्त्यात पडलेले सापडले."

मला वाटलं, संपलं. पण बाबा मुरलेले होते. त्यांनी दोन्ही हात वर फेकले. "ऐकलंत? रस्त्यात भटकणारा आत्मा! माईंनी त्याला आसरा दिला!" पडद्यामागून पिशवी जाऊबाईंच्या हातात आली आणि मघापेक्षाही जोरात टाळ्या झाल्या. मागच्या एका आजींनी तर जाऊबाईंच्याच पायांना हात लावला.

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट पक्की कळली. बाबांचं चुकलं, हे दाखवून उपयोग नव्हता. त्यांची चूकही भक्तांना चमत्काराइतकीच गोड लागत होती. ते खोटं कसं तयार होतं, तेच दाखवायला हवं होतं.

सकाळी आम्ही उतारावर गेलो आणि झाडीत बसून राहिलो. सायकलवर असताना जाणवलं नव्हतं, ते बसल्यावर स्पष्ट दिसलं. सावली सुरू होते तिथेच रस्त्यावर आडवा उंचवटा होता. डांबराचा, रस्त्याच्याच रंगाचा, पट्टे नाहीत की पाटी नाही. लखलखीत उन्हातून सावलीत आलेल्या डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही. तेवढा क्षण पुरे होता. गाडी उंचवट्यावरून उडायची आणि धाडकन खाली यायची. गाडी खाली आली तरी तिच्यावरची सुटी वस्तू अजून वरच असायची. मग ती रस्त्यावर, आणि वाहन उताराच्या वेगात पार पुढे. एका टेम्पोतून बादली पडली. लगेच पलीकडच्या झुडपातून दोन शिष्य निघाले. एकाने बादली गोणीत टाकली, दुसऱ्याने फोन लावला. "निळी. कडी तुटकी. हो, तारेने बांधलीय."

"घे, तुझ्या बाबांची दिव्यदृष्टी," जाऊबाई म्हणाल्या. "रेंजमध्ये असली की दिसते."

आम्ही गावात जाऊन चुना आणि कुंचा आणला आणि उंचवट्यावर ठळक पांढरे पट्टे ओढायला लागलो. त्यातला एक शिष्य झुडपातून बाहेर आला.

"काय करताय?"

"सेवा," जाऊबाई म्हणाल्या.

"इथे रंगवायचं नाही."

"का?"

त्याने कुंच्याकडे पाहिलं, मग झुडपाकडे. खरं कारण सांगता येत नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं. शेवटी म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो."

"विचारा. तोवर ती चुन्याची बादली जरा इकडे सरकवा."

पट्टे लांबूनच दिसत होते. दिवसभर वाहनं उतारावर वेग कमी करत आली आणि संथपणे पलीकडे गेली. काही पडलं नाही.

संध्याकाळी शेड भरली. बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ ते मिटलेलेच राहिले.

"धुकं आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "निळी बादली?" कुणी उठलं नाही; तिचा टेम्पो कधीच गाव ओलांडून गेला होता. "छत्री?" तरीही कुणी नाही. "किल्ली? रुमाल! कुणाचा तरी रुमाल हरवलाय!"

शेडभर लोकांनी खिसे चाचपले. "माझा आहे, बाबा," एक जण भीत भीत म्हणाला.

आता मी उभी राहिले. समोरच्या माणसांत दुष्ट कुणीच नव्हतं आणि त्यांच्या आनंदावर पाणी ओतायचं होतं. मी कालच्या कोपरवाल्याकडे वळले. "दादा, तुमचा डबा कुठे पडला होता?"

"उतारावर. झाडांखाली."

"आणि तुम्ही?"

"मीही तिथेच. दोघं एकदमच पडलो."

"डबा सापडला तो चमत्कार. मग कोपर मोडलं ते काय?"

"ते माझं नशीब, बाई."

"तुमचं नशीब डांबराचं आहे. झाडांखाली रस्त्यावर आडवा उंचवटा आहे, सावलीत दिसत नाही असा. त्यावर गाड्या उडतात, सामान पडतं. झुडपात बसलेली माणसं ते उचलतात आणि बाबांना फोनवर वर्णन सांगतात. सकाळी आम्ही दोघींनी पाहिलं. आज आम्ही त्यावर पट्टे ओढले. त्यानंतर काही पडलं नाही आणि आज बाबांना काही दिसत नाही. तो उंचवटा बांधला कुणी, माहीत आहे कुणाला?"

मागून आवाज आला, "बाबांच्या शिष्यांनीच, श्रमदानातून. मीसुद्धा घमेली वाहिली की!" बोलून झाल्यावर त्या माणसाला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खाली बसला.

"ही परीक्षा आहे!" बाबा ओरडले. "वस्तू म्हणजे माया! शरीर म्हणजे माया!"

"माझं हाड माया नव्हतं!" कोपरवाला तीन ढांगांत पुढे गेला आणि डाव्या हाताने त्याने काळा पडदा ओढला. मागे ढीग होता, मालक न आलेल्या वस्तूंचा. निळी बादली, हेल्मेट, पिशव्या, स्टूल, छत्र्या, लहान मुलांचे बूट. सगळं धुऊन पुसून, मालकाची वाट बघत. शिष्य मागच्या दाराने कधीच निघून गेले होते.

गलका झाला. जो तो ढिगाकडे धावला. लॉजवाली बाई मात्र धावली नाही. मुलीचा हात धरून ती सरळ बाबांपुढे उभी राहिली. "मशीन द्या."

बाबांनी गादीखालून डबी काढली. बॅटरी मेली होती. शेजारच्या औषधाच्या दुकानातून नवी आणली, जाऊबाईंनी ती घातली आणि मशीन मुलीच्या कानात बसवलं. मुलगी एकदम डोळे मिचकावायला लागली. तिने वर पाहिलं. कर्णा शिट्टी मारत होता, कुणी बंद केलाच नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तो भोंगा बंद कर ना. केवढा ओरडतोय!"

बाई रडायला लागली. जाऊबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कुणीतरी जाऊन कर्ण्याची वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी निघताना बाईने आमच्या बाटल्या भरून दिल्या. "मी शिकलेली आहे हो," ती म्हणाली. "मला कसं कळलं नाही?"

"शिकलेली आहेस आणि दमलेलीही," जाऊबाई म्हणाल्या. "मूल बरं होईल म्हटलं की दमलेली आई कुणाचंही ऐकते. यात लाज तुला नाही, त्याला वाटायला हवी. तू फक्त तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेत जा."

शेडमध्ये तेव्हाही पाच-सहा माणसं बसलेली होती. बाबा पहाटेच निघून गेले होते, तर ते अंतर्धान पावले अशी नवी गोष्ट तयार होत होती. सगळेच एका दिवसात उठत नाहीत. त्यांच्यावर हसावं असं मला वाटलं नाही. हरवलेलं परत मिळावं, ही कुणाची इच्छा नसते? त्या इच्छेवर दुकान मांडणाऱ्याला मात्र आपण फार स्वस्तात सोडतो.

त्या गावात वस्तू सापडली कशी, याचं सगळ्यांनी कौतुक केलं. ती पडली कशी, हे कुणी विचारलं नाही. एवढंच मागणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी हा दुसरा प्रश्न विचारा. मोठ्याने विचारा, चारचौघांत विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारा. त्यासाठी दिव्यदृष्टी लागत नाही. जरा थांबून, खाली उतरून, रस्त्याकडे नीट बघावं लागतं.