राखण्याच्या पोशाखात

"काच खाली घे! तिला म्हणावं, उतर आधी!"

संदेशने गाडीच्या टपावर थाड्कन हात मारला, तसा आतला ड्रायव्हर दचकून स्टिअरिंगवर वाकला. इंदापूरच्या एस. टी. स्टँडसमोर, सकाळी अकराच्या उन्हात, दीडशे-दोनशे माणसांनी ती पांढरी गाडी अडवून धरली होती. मागे ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न कोकलत होते. एकटा हवालदार कडेला उभा राहून वॉकीटॉकीवर आणखी माणसं मागत होता. आणि गाडीपुढे आडव्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सगळ्यांना दिसेल असा, सिद्धू कोकरे उभा होता. गळ्यात झेंडूचा हार, पाठीमागे कापडी फलक : ‘खरा राखण्या हाच! नकली राखण्या चालणार नाही!’

सिद्धूला घाम फुटला होता. सव्वासहा फूट उंचीचा माणूस, पण आज त्याला आपली उंची कुठे लपवावी ते कळत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी दूरदर्शनवर ‘सातव्या सूर्याखाली’ नावाची मालिका लागायची. तांबड्या, ओसाड ग्रहावर अडकलेल्या पाच माणसांची गोष्ट. त्यांच्या तळाभोवती त्या ग्रहावरचा एक मुका पहारेकरी फिरायचा. त्याला ती माणसं राखण्या म्हणायची. तांब्याच्या रंगाचं शिरस्त्राण, मांड्यांपर्यंत जड बूट, तोंड कधी दिसायचं नाही. तेरा भागांत तो एक शब्द बोलला नाही. नुसता चालला. पण ती चाल लोकांच्या डोळ्यांतून गेली नाही. मान तसूभरही न हलवता, पाऊल टेकवण्याआधी जमिनीचा अंदाज घेत, सावकाश. त्या वर्षी गल्लोगल्ली पोरं तशी चालायची.

तो तांबडा ग्रह म्हणजे उन्हाळ्यात उघडं पडलेलं उजनी धरणाचं पात्र. काठावर मेंढरं चारणारा उंच गडी शूटिंगवाल्यांना दिसला आणि त्यांनी त्याला पोशाख दिला. मालिकेच्या शेवटी पाटी यायची : ‘राखण्या – सिद्धू कोकरे’. त्या पाटीने सिद्धूचं आयुष्य बदललं. मेंढरं मोडली, बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्याच्या गेटवर रखवालदाराची जागा मिळाली. मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचलाच नाही. "राखण्याला पहारा शिकवायचा असतो का?" म्हणाले आणि हसले.

आता एका नव्या चॅनेलने तीच मालिका पुन्हा काढली होती. केबलवर चार भाग झाले होते. इंदापुरात एसटीडी बूथ चालवणारा नागेश पंधरा वर्षांचा असल्यापासून जुन्या मालिकेचा वेडा. त्याने ‘सातवा सूर्य मित्रमंडळ’ काढलं होतं. इंदापूर-बारामतीकडची साठ-सत्तर माणसं त्यात होती. कारखान्यातले फिटर, दोन मास्तर, एक कंपाउंडर. नव्या मालिकेचा पहिला भाग बघून ती आधी गप्प झाली आणि मग पेटली. सूर्य तांबड्याचा निळा केला होता. सुरुवातीचं संगीत बदललं होतं. तेही त्यांनी सोसलं असतं. पण पेपरात फोटो आला : नवा राखण्या म्हणजे मुंबईची एक नाचणारी मुलगी, योगिनी तिचं नाव. आज तीच मुलगी शूटिंगसाठी उजनीच्या पात्रात निघाली होती आणि मंडळाने रस्ता धरला होता.

"आमच्या घरातली पोरं तर नवंच बघत्यात," गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं.

"पोरांना काय कळतंय?" मंडळातला संदेश त्याच्यावर खेकसला. "उद्या कुणी तुमच्या बापाचा फोटो काढून तितं नटीचा लावला तर चालंल का?"

सिद्धूची नजर रस्त्यापलीकडे गेली. उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी सारजा उभी होती. त्याची बायको. सत्कार आहे, जोडीनं या, असा नागेशने आग्रह धरला म्हणून ती आली होती. तीही उंच, बायकांच्या घोळक्यात तिचं डोकं वर दिसायचं. हातातली कापडी पिशवी छातीशी धरून ती ट्रॉलीकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिच्या या चेहऱ्याला सिद्धू बारा वर्षं भीत आला होता.

कारण त्या पोशाखात तो एकच दिवस होता. एक दिवस तरी कसला, अर्धा तास. शिरस्त्राण चढवून मागचे खटके लावले तसा त्याचा जीव कोंडला. विहिरीत पडल्यासारखं झालं. तो ओरडला, ते कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी चिखलात गडबडा लोळला तेव्हा माणसं धावली. शिरस्त्राण काढल्यावर तो ओकला. दिग्दर्शकसाहेब कपाळाला हात लावून बसले. या मापाचा दुसरा माणूस आता कुठून आणायचा? भाकरी घेऊन आलेली सारजा तंबूच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी घालून बघू का?"

पुढचे चोवीस दिवस तिने तो पोशाख घातला. गावकरी दोरीपलीकडे, फर्लांगभर लांब. त्यांना वाटायचं आत सिद्धू आहे. सिद्धू तंबूत बसून असायचा. कागदावर त्याचं नाव आधीच चढलं होतं. "राहू दे, आता कुठं बदलायचं," साहेब म्हणाले. साहेब पुढे वारले. सिद्धू मात्र त्या नावात राहायला गेला. गणपतीत पोरं म्हणायची, तात्या, चालून दाखवा. तो म्हणायचा, गुडघे गेलेत रे आता. असं म्हणताना सारजा जवळ असली तर उठून आत जायची. कधी एका शब्दाने बोलली नाही.

काच फुटल्याचा आवाज झाला.

कुणी दगड मारला ते दिसलं नाही. गाडीच्या मागच्या काचेवर जाळं पसरलं आणि आतून किंकाळी आली. हवालदार शिट्टी फुंकत पुढे घुसला, पण माणसांनी त्याला खांद्यांमध्येच अडकवून धरलं. फुटक्या काचेतून सिद्धूला त्या मुलीचा चेहरा दिसला. वीस-एकवीस वर्षांची असेल. दोन्ही हात कानांवर दाबून ती सीटच्या खाली सरकत होती. तोंड उघडं, श्वास लागलेला. तो श्वास सिद्धूने ओळखला.

"दगुड न्हाय मारायचा! कुणी मारला?" नागेश ओरडला. त्याच्याही हातातून आता गर्दी सुटत चालली होती. तो घाईघाईने ट्रॉलीवर चढला आणि त्याने कर्ण्याचा माईक सिद्धूच्या हातात दिला. "तात्या, बोला तुमी. तुमचं ऐकत्याल. एकदा सांगा त्या कंपनीवाल्यास्नी, का हे बाईमाणसाचं काम न्हाय. मग सोडू आपण गाडी."

लोक शांत झाले. राखण्या बोलणार होता.

सिद्धूने माईक तोंडाशी नेला. मॅनेजरसाहेबांचा हसरा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. गेटवरची खुर्ची आली. दोन वाक्यं बोलायची आणि उतरायचं, एवढंच होतं. त्याने पुन्हा रसाच्या गाड्याकडे बघितलं. सारजा आता ट्रॉलीकडे बघतच नव्हती. ती त्या फुटक्या काचेकडे बघत होती.

"बाईमाणसाचंच काम हाय हे," सिद्धू म्हणाला. कर्ण्यातून आवाज घरघरत बाहेर पडला. "मी न्हवतो त्यात. माजा जीव कोंडला पयल्याच दिशी. ती माजी बायकू हुती. सारजा. तेरा भाग तीच चाललीय. मी नुसतं नाव लावलं."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तात्याला ऊन लागलं!"

"ऊन न्हाय, पाकीट लागलं! विकला गेला म्हातारा!"

संदेश ट्रॉलीवर चढला. त्याचे डोळे लाल झाले होते, पाण्याने भरले होते. "तात्या, आवो मी तुमचा फोटो देवघरात लावलाय," असं म्हणत त्याने सिद्धूच्या गळ्यातला हार हिसकला. दोरा तुटला. झेंडू ट्रॉलीभर पसरले. सिद्धूने हात वर केला नाही.

"कुठंय ती? हितंच हाय म्हणं! चालून दाखव म्हणावं!"

"व्हय, चालून दाखव! सरका, जागा द्या!"

माणसं मागे हटली. रसाच्या गाड्यापासून पांढऱ्या गाडीपर्यंत डांबराची एक मोकळी पट्टी तयार झाली. सारजा त्या टोकाला उभी. सगळ्यांचे डोळे तिच्या पायांकडे लागले.

सारजाने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मी काय दरवेशाचं अस्वल हाय व्हय, तुमाला चालून दावाया?" ती म्हणाली. "आनि ह्या लेकराला कशापायी भ्या घालताय? तिनं काय केलं तुमचं?"

आणि ती गाडीकडे निघाली. रोज बाजाराला जाते तशी, भराभर, चपला फटफटत. राखण्याची ती चाल नव्हतीच. गर्दीतून निराशेचा एक सुस्कारा निघाला, "बघा, म्हटलं न्हवतं?" असं दोघं-तिघं बोलले. पण तिला अडवायला कुणी पुढे झालं नाही. ती दारापाशी वाकली आणि काचेवर बोटाने हलकेच टकटक केलं.

काच चार बोटं खाली आली.

"लागलं का गं कुठं?"

योगिनीने नकारार्थी मान हलवली. मग ती एकदम म्हणाली, "तुम्ही खरंच घातला होता तो पोशाख?"

"व्हय."

"मला त्यात श्वास घेता येत नाही हो. पाच मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी येते. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काढून टाकतील."

"तोंडानं घेत असशील," सारजा म्हणाली. "तोंडानं घेतलं का आतली काच धुरकाटती, मग दिसत न्हाय, मग माणूस घाबरतं. नाकानं घ्यायचा, बारीक. आनि पायाकडं बघाय जाऊ नगं, मान वाकीवली का गळपट्टा रुततो. पाय आपला आपण बघतो. डोक्यावर भरली घागर हाय, आनि खाली चिखुल हाय, आसं समज."

नागेश तोवर गाडीजवळ येऊन पोचला होता. तो हे ऐकत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग पालटत गेला.

"काकी," तो म्हणाला, "सातव्या भागात राखण्या मधीच थांबतो. खाली बसतो. जमिनीला हात लावतो आनि वळसा घालून जातो. ते का?"

गर्दीतली जाणती माणसं जवळ सरकली. या एका प्रसंगावर मंडळाने बारा वर्षं वाद घातले होते. मास्तरांचं म्हणणं, तो मेलेल्या ग्रहाला नमस्कार करतो. कंपाउंडर म्हणायचा, ती खूण आहे, पुढच्या भागासाठी. सिद्धूला विचारलं की तो सांगायचा, साहेबांनी करायला लावलं.

"कवा?" सारजा आठवू लागली. "हां, ते व्हय. टिटवीची अंडी हुती तितं. चार. पाय पडनार हुता माजा. मग गेले बाजूनं. सायेब मागनं वरडलं, पर मग तेच म्हनलं, बरं दिसतंय, राहू द्या."

नागेश सारजाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि फाटक्या आवाजात ओरडला, "ट्रॅक्टर काढा बाजूला! काढा म्हणतो ना!"

काही जण कुरकुरले. हे सगळं कंपनीने पढवलेलं आहे, असं एकाने शेवटपर्यंत लावून धरलं. संदेश ट्रॉलीत तसाच बसून राहिला, त्याला दोघांनी धरून उतरवलं. पण ट्रॅक्टर सुरू झाला, ट्रॉली हलली आणि पांढरी गाडी हळूहळू मार्गाला लागली. जाताना काचेतून एक हात बाहेर आला आणि हलला. सारजानेही हात वर केला.

सत्काराचं नाव कुणी काढलं नाही. फलक गुंडाळून नागेशने काखेत मारला. तो सिद्धूच्या अगदी जवळून गेला, पण त्याने वर बघितलं नाही. सिद्धूला वाटलं, शिवी तरी द्यायची होती.

बारामतीची एस. टी. साडेबाराला लागली आणि ती भरलेलीच होती. एका कॉलेजच्या पोराने उठून सारजाला जागा दिली. सिद्धू दाराशी, वरच्या दांडीला धरून उभा राहिला. डोकं टपाला लागत होतं म्हणून मान वाकडी करून. निमगाव केतकीला पानमळ्यातल्या बायका करंड्या घेऊन चढल्या, तशी दोघांमध्ये आणखी माणसं आली. तिचा अंबाडा तेवढा त्याला दिसत राहिला. तो मनात वाक्यं जुळवत होता. सारजे, चुकलं. सारजे, आधीच सांगायला पायजे हुतं. एकही वाक्य पुरतं होईना. उद्या सकाळी सात वाजता गेटवर उभं राहायचं होतं, आणि मॅनेजरसाहेब गाडीतून हात करणार होते, किंवा नव्हते करणार.

लासुर्ण्याला सारजाच्या शेजारचा माणूस उतरला. मोकळ्या जागेवर तिने पिशवी ठेवली. नव्याने चढलेल्या एका बाईने विचारलं, "कुनी बसलंय का हितं?"

"व्हय," सारजा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "माजा माणूस हाय."

सिद्धूने ते ऐकलं. गाडी सुटली, एक थांबा गेला, दुसरा गेला. दांडीवरची मूठ सोडून त्या चार पावलांपलीकडच्या जागेपर्यंत जायला त्याला भवानीनगर यावं लागलं.