थांबलो की थापड

मी कॉफीचं यंत्र बोलतोय. आपोआप कॉफी गाळणारं. माझ्या झाकणावरची भेग आधी बघून घ्या. मी कधी पडलो नाही, आपटलो नाही. ती भेग या घरच्या बाबांच्या तळहाताची आहे.

मला गोड बोलता येत नाही. साखर लोक कपात घालतात, माझ्यात नाही.

जन्म म्हणाल तर चारचौघांसारखाच, कारखान्यातला. पोटात पाणी तापवायची नळी, डोक्याशी भोकांची चाळणी, खाली कागदी गाळणीचं नरसाळं आणि त्याखाली काचेचं भांडं. एवढाच संसार. पण एक गुण मला मुद्दाम दिला. मी आधी थोडंसं पाणी कॉफीवर शिंपडतो आणि थांबतो. भाजलेल्या कॉफीत वायू कोंडलेला असतो. ओली झाली की पूड फुगते, बुडबुडे सोडते, मोकळी होते. मग पुढचं पाणी तिच्यात शिरतं आणि चव घेऊन खाली उतरतं. तेवढा वेळ मी गप्प असतो. दिसायला मेल्यासारखा, पण खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

आणि आलो कुणाच्या वाट्याला? तर थांबलेल्या यंत्रांवर आणि माणसांवर ओरडण्याचाच ज्यांनी जन्मभर पगार घेतला, त्यांच्या.

बाबा बाटल्या भरायच्या कारखान्यात सुपरवायझर होते. पट्टा थांबला की कुणाची तरी खरडपट्टी ठरलेली. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मला भेट दिलं. खोक्यावरचं चित्र बघून बाबा आईला म्हणाले, "ठेव माळ्यावर. कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकू." मग मी माळ्यावर, फाटक्या गादीच्या शेजारी. लग्नंही झाली, पण प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी पुढे सरकवलं गेलं. दान म्हणूनसुद्धा माझी आठवण झाली नाही कुणाला.

मला खाली काढलं धाकटीनं, बाबांच्या लहान लेकीनं. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून ती घरी आली, त्याच आठवड्यात. घरात तेव्हा कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. माझ्याशी तर आधीपासूनच नव्हतं. जमली आमची.

तीही काही जन्मतः शहाणी नव्हती. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात पूड पिठासारखी बारीक दळली. पाणी तुंबलं, नरसाळं उतू गेलं, ओटाभर काळा चिखल. पण तिनं मला शिव्या दिल्या नाहीत, पूड भरड केली. कागद आधी गरम पाण्यानं भिजवून त्याचा वास घालवला. कॉफी तोलून घेतली, नरसाळ्यात सपाट केली. नळाच्या पाण्यानं माझ्या नळीत क्षार धरले होते, तर व्हिनेगरचं पाणी फिरवून मला आतून मोकळं केलं. मी थांबलो की हात मागे बांधून उभी राहायची आणि बुडबुडे बघायची. दुसऱ्याचं थांबणं सोसणारं या घरात तेवढं एकच माणूस.

ती बाहेर गेली की राज्य बाबांचं. गॅसशेजारच्या डब्यातली कधीची शिळी पूड, तीही अंदाजपंचे. "कॉफी ती कॉफी, तिला काय शिळं आणि ताजं!" मी पाणी शिंपडून थांबलो की डोक्यात फाडकन थापड.

"अडकलं बघ! दोन लगावल्याशिवाय या घरात काही हलत नाही."

थोड्या वेळानं मी सुरू व्हायचो. होणारच होतो, माझी वेळ झालेली असायची. पण बाबा विजयी मुद्रेनं आईकडे बघायचे. "बघितलंस? हात लागतो!"

माझा संताप कशाचा आहे, कळलं? माराचा नाही. जे मी स्वतःहून करणार होतो, त्याचं श्रेय थापडेला! पोरांबाबतही यांचं हेच. पोरगं आपल्या पायांवर उभं राहिलं तर यांच्या धाकामुळे, पडलं तर त्याच्या नालायकपणामुळे.

वर घाई किती! अर्धी कॉफी उतरली की भांडं ओढायचे. पहिली काळीकुट्ट धार स्वतःच्या कपात, शेवटचं धुवण आईच्या. मग बाबा म्हणायचे, "विष आहे नुसतं!" आई म्हणायची, "पाणचट आहे हो." दोघांच्या कपांची बेरीज म्हणजे माझी कॉफी होती. ती या दोघांनी कधी चाखलीच नव्हती. पण नावं ठेवायला मी होतोच. अशाच एका सकाळी थापड जोरात बसली आणि झाकण तडकलं.

पुढे धाकटीला दुसऱ्या गावी, कॉफी भाजण्याच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून काम मिळालं. सोमवारी हजर व्हायचं होतं. तर आदल्या दिवशी बाबांनी मोठ्या काकांना बोलावून घेतलं, पोरीला समजवायला. काका म्हणजे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांचा फोन उचलत नाही, म्हणून सगळा सल्ला शिल्लक.

"कॉफीवाली होणार म्हणे," काका खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "अगं, काठाशी येऊन कुणी बुडतं का?"

"काठ तुम्ही ठरवलात, काका," धाकटी माझ्यात पूड घालत म्हणाली.

"जिभेला हाड नाही कार्टीच्या!" बाबा भडकले. "काय बिघडलं होतं गं कॉलेजात? रोज विचारतो, तोंड उघडत नाही."

"सांगते." तिनं माझं बटण दाबलं.

मी पाणी शिंपडलं आणि थांबलो.

"मला तिथं..." ती म्हणाली आणि तीही थांबली.

"अडकली!" बाबा काकांकडे वळले. "काही नाहीये सांगण्यासारखं. नुसती थेरं. आणि हे बघ, हेपण अडकलं!"

हात वर गेला. खाली मात्र आला नाही. आईनं मनगट धरलं होतं.

"हात आवरा."

"अगं, बंद पडलंय ते!"

"बंद नाही पडलं, थांबलंय. मी रोज बघते. मारा नाहीतर नका मारू, ते आपलं आपण सुरू होतं. आणि पोरीलाही बोलू द्या. मध्ये तोंड घातलंत तर बघा."

काकांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माझे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. मग मी सुरू झालो. माझ्या वेळेला, थापड न खाता. बाबा डोळे फाडून बघत राहिले.

धाकटीही सुरू झाली. "पेपर समोर आला की माझे हात थरथरायचे, बाबा. येत असलेलंही लिहिता यायचं नाही. तुम्ही फोनवर विचारायचात, मार्क किती, पुढे काय. मी कशी आहे, हे एकदाही नाही. इथं ओट्यापाशी उभी राहिले की माझे हात थरथरत नाहीत. म्हणून मी जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."

शेवटचा थेंब पडला. तिनं भांडं हलकेच ढवळलं आणि पहिला कप आईला दिला.

"अगं बाई," आई म्हणाली, "ही आपलीच कॉफी?"

काकांनी साखर मागितली. बाबांनी कप रिकामा केला, पण 'छान' म्हणाले नाहीत, 'जा'ही म्हणाले नाहीत. सोमवारी ती गेली. त्यांच्या 'जा'वाचून तिचं काही अडलं नाही.

ती आता ताज्या बिया पाठवते आणि फोनवर बाबांना सगळं पढवते. बाबा तिला सांगतात, "झकास चालतंय तुझं यंत्र. मी वठणीवर आणलंय त्याला." ऐकलंत? म्हणे, 'मी'!

आई समोर असली की बाबांचा हात खिशात राहतो. आज ती बाहेर गेली आहे. मी पाणी शिंपडून थांबलोय आणि तो हात वर गेलाय.

मारा, नाहीतर वाट बघा. कॉफी माझ्याच वेळेला येणार आहे.