अणूंचा कडता

तासिका तत्त्वावर नऊ वर्षं झिजलेला सुग्रीव मंठ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या कायम नोकरीच्या मुलाखतीला उभा होता. संस्थेचे अध्यक्ष रामराव मूळचे खाणवाले.

"सर, आमच्या आज्याच्या खाणीत दगड पल्ल्यानं मोजत. पल्ला म्हंजी एकशेबारा किलो. अणूच्या मापात त्याचं किती होतं?"

सुग्रीवनं फळ्यावर अणुवस्तुमान एककात सदुसष्ट लिहून पुढं सत्तावीस शून्यं काढली.

"बराबर. कडता किती धरला?"

"कडता?"

"दगडाला माती ऱ्हाती, सर. तिचं वजन कापाय नको? आडतीवरल्या हमालाला कळतं, तुम्ही तर डॉक्टरेट!"

सुग्रीवनं शेवटचं शून्य पुसलं. दगडाचे शंभरातले नव्वद हिस्से गेले.

"एकच शून्य?" रामराव हळहळले. "लई भिडस्त हायेत तुम्ही. असू द्या, सोमवारी रुजू व्हायला या."