पाचवीसाठी आणलेलं सूप

मित्रांनो, काठ उसवलेलं, शेणाची पुटं चढलेलं हे जुनं सूप पाहून नाक मुरडू नका. दाणे काय, कुठलंही सूप पाखडतं! पण माझ्या वाट्याला जे आलं, ते आठवलं की आजही माझ्या बांबूच्या कांबी शहारतात.

एका बुरुडाने मला विणलं आणि मुरबाडकडच्या म्हसाच्या जत्रेत विकायला मांडलं. किन्हवलीच्या बाईजाने मला हौसेने उचललं. तिची सून सुंदरा हिची पाळी चार महिने आली नव्हती. आमच्याकडे पाचवीला बाळाला सुपात निजवतात. "नातू निजल्याबिगर यात दाना घालायचा नाय," असं बजावून बाईजाने मला खुंटीला टांगलं.

आणि पुढच्याच महिन्यात सुंदराला पाळी आली. पोटात मूल नव्हतंच. तिची पाळी मुळातच लहरी. हनुवटीवर राठ केस यायचे, शिवाय दर पावसाळ्यात हिवताप. गावात कुणाला या दुखण्याचं नाव ठाऊक नव्हतं, मग काय, सगळा दोष तिच्याच माथी! अंगारे झाले, नवस झाले. पाळी चुकली की घर हरखायचं आणि आली की चूल रडायची. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणे. माझ्यात हसायला होतंच कोण?

अशी कितीतरी वर्षं गेली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली त्या साली बाईजा लेकाला म्हणाली, "जयरामा, दुसरी कर रे. किती वाट बघायची?"

सुंदराने ऐकलं, ती उठली, मला खुंटीवरून काढलं आणि माझ्यात उखळात कांडलेला तांदूळ ओतला.

"अगो, बाळाचं सूप ना ते!" बाईजा ओरडली.

"आत्याबाय, सुपाला काम पायजे. टांगून ठेवलं तर वाळवी खाईल."

काय सांगू! कोंडा उडाला, तांदूळ माझ्या कुशीत राहिला, आणि त्या दिवशी माझा खरा जन्म झाला. जयराम तिच्याजवळ येऊन बसला. "आये, दुसरी नाय आनायची," एवढंच म्हणाला.

पुढे पुन्हा पाळी चुकली. या खेपेला कुणी हरखलं नाही. पोट वाढलं, तर बाईजा म्हणाली, "हिवतापाची पाणथरी वाढली असंल." हिवतापात पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पोट फुगतं; सुंदरालाही तेच वाटलं.

एका दुपारी ती पाखडत होती. माझा काठ तिच्या पोटाला टेकला होता. अचानक आतून ठोसा बसला! माझ्यातले दाणे उडाले. सुंदरा थबकली. पुन्हा ठोसा! देवा, एवढ्याशा जिवात केवढं ते बळ!

"आत्याबाय, हात ठेवा हितं!"

बाईजाने हात ठेवला. "जितं हाय गो, जितं हाय!" म्हणत ती रडू लागली.

मुलगी झाली, आमची भिमी. पाचवीला बाईजा नवं सूप आणायला निघाली, तर सुंदरा म्हणाली, "नवं कशाला? आधी यानंच वळखलं तिला." मला सारवून, वाळवून, लुगड्याची घडी अंथरून त्यांनी भिमीला माझ्यात निजवलं. तिच्या श्वासाबरोबर मी हलत होतो, आणि आपण हललो तर ती जागी होईल म्हणून भीतही होतो.

मित्रांनो, सुपं सारवत जा, काठ उसवला तर बांधत जा. आणि जिची कूस उजवली नाही, तिला कधी रिकामं म्हणू नका. भिमी यायच्या कितीतरी आधीपासून सारं घर सुंदराच्याच हातचा तांदूळ खात होतं.